बामाचं बी

माझी नर्सरी काटेवाडीत, बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. दोन शेडनेट, एक पाण्याची टाकी, कामाला आठ बायका आणि रस्त्यावरून दिसेल असा मोठा बोर्ड: ‘उत्कर्षा हायटेक रोपवाटिका’. उत्कर्षा ही माझी मुलगी. हायटेक म्हणजे नेमकं काय, ते मला अजून सांगता येत नाही. बोर्ड रंगवणाऱ्यानं विचारलं होतं, “हायटेक टाकू का? सगळेच टाकत्यात,” म्हणून टाकलं.

टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, कलिंगड, उसाची रोपं, असं बारा वर्षं चाललंय. माझ्या हाताखालून गेलेली रोपं ओळीनं लावली तर उजनी धरणाला वेढा पडेल, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. मोजायला कोण जातंय? बारा वर्षं रोपं उगवत राहिली की माणसाला वाटायला लागतं, उगवण्याचं काम आपणच करतोय. मलाही तसं वाटायला लागलं होतं. कुणी काही विचारलं की मी आधी खाकरायचो, मग कमरेवर हात ठेवायचो आणि मग बोलायला सुरुवात करायचो. माझी बायको रेश्मा लांबूनच म्हणायची, “खाकरले. आता अर्धा तास गेला.”

मागच्या दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी दत्तोबा गुरुजी आणि त्यांच्या मंडळी दगडाबाई नर्सरीत आले. गुरुजी मला चौथीला होते. आता रिटायर होऊन इंदापुरात राहतात. माझे केस पांढरे झाले तरी गुरुजी समोर आले की माझे हात आपोआप मागं जातात. दगडाबाईंना आम्ही सगळे काकू म्हणतो. त्यांच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं नाव दगडाबाई ठेवलं. मुलगा सूरज जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्याकडं दोघं सहा महिने राहून नुकतेच परत आले होते.

काकूंनी पिशवीतून एक छोटं पाकीट काढलं. पाकिटावर पुदिन्यासारख्या पानांचं चित्र होतं.

“रणजित, हे लेमन बाम,” गुरुजी म्हणाले. “प्रगतीनं, आमच्या नातीनं, तिकडून ऑनलाइन मागवून आमच्या पत्त्यावर धाडलंय. हिला रोपं करून पाहिजेत.”

“बाम?” मागून रतनबाई म्हणाल्या. “डोक्याला लावायचा?”

रतनबाई जळोचीहून येतात. नर्सरी सुरू झाली तेव्हापासून ट्रे भरायचं काम त्याच बघतात.

“न्हाय गं बाई,” काकू हसल्या. “पाल्याचा वास लिंबावानी येतो. तिकडं त्याचा चहा करत्यात. आमी दोघींनी गॅलरीत लावलं हुतं, मी अन् प्रगतीनं.”

मी खाकरलो. कमरेवर हात ठेवणार होतो, पण समोर गुरुजी होते म्हणून नुसताच खाकरलो.

“काकू, तुमी काळजीच करू नका. पंधरा दिवसांनी या आणि रोपं घेऊन जा.”

“जमंल ना? लई बारीक बी हाय.”

“काकू, हितं लाखांनी रोपं होत्यात. हे काय, चिमूटभर बी.”

त्या चिमूटभर बियानं पुढं साडेतीन महिने माझी जी अवस्था केली, तशी आजवर कुठल्या गारपिटीनंही केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाकीट फोडलं. पाकिटाच्या मागं मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. माझा चष्मा घरी राहिला होता. आणि खरं सांगायचं तर, चष्मा असता तरी मी वाचलं नसतं. बारा वर्षं बी लावणारा माणूस पाकीट वाचत बसला, हे बायकांना दिसलं असतं.

आमची पद्धत ठरलेली आहे. ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरायचं, बोटानं खड्डा करायचा, बी टाकायचं, वर कोकोपीटचा थर द्यायचा. मग ट्रे एकावर एक रचायचे आणि काळ्या प्लास्टिकनं गच्च झाकायचे. आत ऊब राहते, अंधार राहतो, चौथ्या-पाचव्या दिवशी टोमॅटो डोकं वर काढतो. मी तसंच सांगितलं. रतनबाईंनी तळहातावर बी घेतलं. नाचणीच्या दाण्याहूनही बारीक, काळपट.

“दादा, एवढं बारीक बी झाकायचं? फुंकर मारली तर उडतंय हे.”

“रतनबाई,” मी म्हणालो आणि खाकरलो, “बी म्हणजे बी.”

त्यांनी झाकलं.

चौथ्या दिवशी प्लास्टिक उचललं. काही नव्हतं. आठव्या दिवशी नव्हतं. बाराव्या दिवशी मी एकेका कप्प्यात काडी घालून बघत होतो, तेवढ्यात गुरुजींचा फोन आला.

“काय रे, उगवलं का?”

आता इथं ‘नाही’ एवढा एकच शब्द म्हणायचा होता. पण चौथीत गृहपाठ केलेला नसला की जे व्हायचं तेच झालं. तोंड आपोआप बोललं, “व्हय गुरुजी, अंकुर दिसायला लागलेत.”

“शाबास,” गुरुजी म्हणाले.

ती शाबासकी पोटात घेऊन मी दुसऱ्यांदा बी लावलं. या वेळी दोष बियाचा आहे असं मी ठरवलं होतं. बियाला आळस आहे, त्याला जागं करायला पाहिजे. म्हणून कपाटात होती नव्हती ती सगळी औषधं काढली. बुरशी लागू नये म्हणून एक, मुळं फुटावीत म्हणून एक, आणि एक अशासाठी की त्याची बाटली उघडलेली होती. त्या सगळ्यात बी दिवसभर भिजवलं आणि मागच्यापेक्षा दुप्पट थर देऊन, डबल प्लास्टिकमध्ये झाकलं. दहा दिवसांनी उघडलं तेव्हा वरच्या थराला पांढरी बुरशी मात्र झकास उगवली होती.

“बुरशीचं औषध घातलं हुतं ना?” रेश्मानं विचारलं.

“घातलं हुतं.”

“मग बुरशीसाठी घातलं का बुरशीवर?”

गुरुजींचा फोन आला तेव्हा सांगितलं, “दोन पानांवर आलंय.” त्यानंतरच्या फोनला, “बोटभर झालंय. थंडीमुळं जरा हळू आहे.” थाप मारताना हवामान घातलं की ती खरी वाटते, हे मला तेव्हा कळलं.

पाकिटात आता थोडंच बी उरलं होतं. त्यातलं बरंचसं घेऊन डिसेंबरच्या शेवटी मी तिसऱ्यांदा लावलं. यात बायकांना हातच लावू द्यायचा नाही, असं ठरवलं. एक कुंडी घेतली, तिच्यात बांधावरची माती आणि शेणखत कालवलं, बी टाकून वर बोटभर माती ओढली आणि कुंडी ऑफिसच्या खिडकीशी ठेवली. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि एक कॅलेंडर. रोज सकाळी मी स्वतः पाणी घालायचो.

सहाव्या दिवशी कुंडीत हिरवा ठिपका दिसला. मग दुसरा. मग सात-आठ. मी खुर्चीत बसून राहिलो. उत्कर्षा जन्मली तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर असाच बसलो होतो. त्या दिवशी मी कुंडीचे अठरा फोटो काढले. सगळ्यांत चांगला फोटो व्हॉट्सॲपला स्टेटस म्हणून टाकला आणि खाली लिहिलं, ‘तालुक्यात प्रथमच! लेमन बाम. उत्कर्षा हायटेक.’ तासाभरात लोणी भापकरच्या शंभूराजचा फोन आला. हे माझं जुनं गिऱ्हाईक, नवीन काही दिसलं की सगळ्यांच्या आधी उडी मारणारं.

“दादा, दोन हजार रोपं माझी धरा.”

“हे कशाला लागतं, माहिती हाय का?”

“न्हाय. पण प्रथमच हाय ना?”

रोपं वाढली. महिन्यात वीतभर झाली. पानांना कड, देठाला लव, चोळलं की उग्र वास. लिंबासारखा वाटत नव्हता, पण मी म्हटलं, जर्मनीतली लिंबं वेगळी असतील. एका दुपारी चार पानं तोडून मी त्याचा चहा केला आणि रेश्माला दिला. तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“खोकल्याच्या औषधासारखं लागतंय.”

“परदेशी चव अशीच असती. यानं डोकं शांत होतं, झोप लागती.”

मी दोन्ही कप संपवले आणि खरंच दोन तास गाढ झोपलो. उठल्यावर उत्कर्षाला सांगितलं, “बघ, गुण आला.” मी रोज दुपारी दोन तास झोपतो, हे तिनं आठवण करून दिलं तेव्हा मी विषय बदलला.

मग मीच गुरुजींना फोन केला. या म्हटलं, रोपं तयार आहेत.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोघं आले. मी कुंडी टेबलावर ठेवली होती, तिच्याखाली स्वच्छ टॉवेल अंथरला होता. बायकांनाही बोलावलं होतं. आपल्या नर्सरीचं नाव होतंय, त्यांनाही बघू दे, असा माझा मोठेपणा. मी दोन शब्द बोललो. नवं पीक, नवी दृष्टी, जिद्द, असं काहीतरी. काकू कुंडीकडं बघत होत्या. त्यांनी एक पान तोडलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं. परत एकदा नेलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं त्याला राग म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ती कणव होती.

“रणजित,” त्या हळूच म्हणाल्या, “ही रानतुळस हाय रे.”

मागं बायकांच्यात कुणाचा तरी पदर तोंडात गेल्याचा आवाज आला.

“न्हाय काकू,” मी म्हणालो, “बी तर...”

“आमच्या बांधावर ढिगानं उगवती. बांधावरची माती घातलीस का?”

मी रतनबाईंकडं वळलो. त्या जमिनीकडं बघत होत्या.

“रतनबाई, तुमाला ठाऊक हुतं?”

“व्हय.”

“कधीपासनं?”

“चार पानं आली तवापासनं.”

“मग सांगितलं का न्हाय?”

“तुमी फोटू काढत हुता, दादा,” रतनबाई म्हणाल्या. “एवढं खुशीत बघून कसं सांगावं?”

आता हसण्याला धरबंद राहिला नाही. सात बायका एकीच्या अंगावर एक पडून हसत होत्या. खिडकीतून बघणारी रेश्मासुद्धा. गुरुजी मात्र हसत नव्हते.

“म्हणजे दिवाळीनंतर अंकुर दिसले म्हणालास ते?”

“न्हवते गुरुजी.”

“दोन पानं?”

“न्हवती.”

“बोटभर?”

मी मान खाली घातली. माझे हात मागं गेलेले होते.

“पाकीट आण,” गुरुजी म्हणाले.

मी ड्रॉवरमधून पाकीट आणलं. गुरुजींनी स्वतःचा चष्मा काढून मला दिला. “मागं काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू जाईल असं.”

छप्पन वर्षांचा मी, माझ्याच नर्सरीत, माझ्याच कामगारांसमोर, गुरुजींचा चष्मा लावून इंग्रजी वाचायला उभा राहिलो. चौथी ओळ आली तेव्हा मी थांबलो.

“थांबू नकोस. वाच.”

“डू नॉट कव्हर. सीड्स नीड लाइट.”

“अर्थ सांग.”

“झाकू नये,” मी म्हणालो. “बियांना उजेड लागतो.”

रतनबाई ‘मी म्हणलं हुतं ना’ असं म्हणाल्या असत्या तर मला जास्त बरं वाटलं असतं. मी सगळं कबूल केलं: एकदा झाकलं, दुसऱ्यांदा दुप्पट झाकलं, तिसऱ्यांदा वर बोटभर माती ओढली. त्या बियानं उगवू नये म्हणून माणसानं जे जे करायचं, ते मी औषधांसकट केलं होतं.

मला वाटलं, आता संपलं. दोघं रागावतील, जातील, मी चार दिवस तोंड लपवीन. पण काकू खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “माझं काय न्हाय रे. पण मी त्या पोरीला आता काय सांगू?”

मग त्यांनी सांगितलं. जर्मनीत मुलगा-सून सकाळी कामावर जायचे. गुरुजी फिरायला जायचे, त्यांना तिथं एक बाग सापडली होती. काकूंना बाहेर जायची भीती वाटायची. भाषा येत नाही, रस्ते सगळे सारखे. आठ वर्षांची प्रगती शाळेतून आली की दोघी घरात असायच्या, पण तिला मराठी तुटकं यायचं आणि काकूंचं बोलणं तर तिला निम्मं कळायचं नाही. एक दिवस पोरीनं कुंडी आणली. त्यानंतर दोघींना बोलायला काहीतरी झालं. पाणी, ऊन, पान, कीड. “सकाळी उठली की आधी म्हणायची, आजी, झाड बघू. मग मला वाटायचं, हा, आता दिवस सुरू झाला.”

निघताना पोरगी रडायला लागली, तेव्हा दोघींचं ठरलं की एकाच दिवशी दोन्हीकडं बी लावायचं आणि दर रविवारी फोनवर कुणाचं झाड मोठं ते बघायचं. तिनं तिकडं लावलं. काकूंनी माझ्यावर भरवसा टाकला.

“ती दर रविवारी विचारती, आजी, तुझं झाड किती झालं? हे मला सांगायचे रणजितचा फोन झाला म्हणून. मी सांगितलं, अंकुर आले. मी सांगितलं, दोन पानं आली. मागं म्हणाले, बोटभर झालंय. ती म्हणती, दाखव. मी म्हणते, नर्सरीत हाय बाळा, आणलं की दाखवीन.”

माझ्या थापा काटेवाडीतून इंदापूरला आणि इंदापुरातून जर्मनीला गेल्या होत्या. एवढ्या लांब माझी रोपं कधी गेली नाहीत.

मी “काकू, चुकलो,” एवढंच म्हणालो. या वेळी खाकरायचं राहून गेलं.

काकूंनी पाकीट हातात घेतलं, केसातली पिन काढली आणि पाकिटाची घडी उलगडून कोपरे खरवडायला सुरुवात केली. रतनबाईंनी खाली ओंजळ धरली. तळहातावर काळे ठिपके पडत गेले. दोघींनी मिळून मोजले. तेवीस.

“पुष्कळ झाले,” काकू म्हणाल्या.

“मी आजच लावतो,” मी पुढं झालो.

“न्हाय!” काकू आणि रतनबाई एकदम म्हणाल्या.

ठरलं असं की तेवीस बिया काकू घरी नेणार आणि रविवारी, फोन चालू असताना, प्रगतीच्या समोर लावणार. तिला खरं काय ते मी सांगायचं. “रतनबाईला घेऊन ये,” काकू जाता जाता म्हणाल्या. “तू बी आलास तरी चालंल.”

दोघं गेल्यावर मी आधी शंभूराजला फोन केला. म्हटलं, बाबा, ते लेमन बाम नाही, रानतुळस आहे. तो म्हणाला, “तिनं डास जात्यात म्हणं. दोनशे धरा माझी.” मी फोन ठेवून दिला.

रविवारी दुपारी मी आणि रतनबाई इंदापूरला गेलो. गाडीत एक ट्रे, चाळलेलं कोकोपीट आणि पाण्याचा फवारा होता. रतनबाईंनी नवीन लुगडं नेसलं होतं. त्या वाटेत एकच वाक्य बोलल्या, “दादा, पोरीला नीट सांगा. उगं लांबण लावू नका.”

गुरुजींनी फोन लावून माझ्या हातात दिला. पडद्यावर दोन वेण्या घातलेली मुलगी होती. तिच्या शेजारी खिडकीत कुंडी, आणि कुंडीत हे भरघोस झाड. खऱ्या लेमन बामचं माझं ते पहिलं दर्शन. मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की ही आठ वर्षांची पोरगी माझ्यापेक्षा चांगली नर्सरी चालवेल.

“हे रणजितकाका,” काकू म्हणाल्या. “ह्यांना तुला कायतरी सांगायचंय.”

मी सकाळपासून चार वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवेना. “प्रगती बाळा,” मी म्हणालो, “आजीचं झाड उगवलंच नाही. कधीच उगवलं नव्हतं.”

तिचा चेहरा बदलला. “पण आजी म्हणाली बोट एवढं झालं. आजी खोटं बोलली?”

काकूंनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं जमीन फाटावी.

“नाही. आजी खोटं नाही बोलली. मी बोललो. आजीचं बी माझ्याकडं होतं. ते मला उगवता आलं नाही, आणि मला लाज वाटली, म्हणून मी सांगितलं उगवलं. आजीला ते खरं वाटलं.”

पोरगी विचार करत होती. मग तिनं डोळे बारीक केले.

“काका, तू बी झाकला?”

“हो.”

“तिन्ही वेळा?” हे विचारलं गुरुजींनी, मागून. त्यांना तो मुद्दा सुटू द्यायचा नव्हता.

“तिन्ही वेळा,” मी म्हणालो.

प्रगती हसायला लागली. दात पडलेले, त्यामुळं हसणं जास्तच दिसत होतं. हसता हसता ती पडद्यातून निघून गेली आणि एक रिकामी कुंडी घेऊन आली. “मी पण नवीन लावते. मोठं झाड मोजायचं नाही. आजी, आता पहिल्यापासून. एक, दोन, तीन म्हणायचं.”

मग इंदापुरात आणि जर्मनीत एकदम बी लावलं गेलं. रतनबाईंनी कोकोपीट सपाट केलं. काकूंनी एकेक बी बोटाच्या टोकावर घेऊन वरच ठेवलं, चमच्याच्या पाठीनं हलकेच दाबलं. वर काही नाही. रतनबाईंनी फवाऱ्यानं धुक्यासारखं पाणी मारलं आणि ट्रेवर केकच्या डब्याचं पारदर्शक झाकण ठेवलं. पलीकडं ती पोरगी तेच करत होती, आणि रतनबाईंना मराठीत सूचना देत होती, “हळू, हळू, बी पळेल!” रतनबाई तिला “व्हय गं, व्हय” म्हणत होत्या. बारा वर्षांत माझ्या सूचनेला त्यांनी इतक्या प्रेमानं व्हय म्हटल्याचं मला आठवत नाही.

माझ्याकडं काम होतं फोन धरायचं. ते मी चोख केलं. फक्त एकदा हात हलला, तेव्हा दोन्ही देशांतून ओरडा बसला.

चौदाव्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. “रणजित, तीन दिसत्यात.” त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चार फोन आले. तिनाची पाच झाली, पाचाची नऊ झाली, आणि तिथं थांबली. तेविसात नऊ. पोरीची तीस उगवली होती. “हरले,” काकू म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात हरल्याचं काही नव्हतं.

नऊतली दोन मांजरानं लोळून घालवली. एप्रिलच्या उन्हानं तीन गेली. इंदापूरचा उन्हाळा जर्मन रोपाला समजावून सांगणं अवघड आहे. उरलेली चार काकूंनी मोरीच्या भिंतीला, सावलीत, पाण्याच्या पिंपाजवळ ठेवली आणि दुपारी त्यांच्यावर ओलं फडकं लटकवलं. हे कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नव्हतं.

आमच्या नर्सरीतही थोडा फरक पडला. बियाचं नवीन पाकीट आलं की रतनबाई ते माझ्या हातात देतात आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. “वाचा,” म्हणतात. मी चष्मा लावून सगळं मोठ्यानं वाचतो, अर्थ सांगतो, मगच ट्रे भरले जातात. माझी काही जुनी गिऱ्हाइकं हे बघून विचारतात, मालक कोण? मी रतनबाईंकडं बोट दाखवतो. त्यात निम्मी चेष्टा असते.

श्रावणात कामानिमित्त इंदापूरला गेलो होतो, तेव्हा गुरुजींच्या घरी डोकावलो. चारही झाडं दाट झाली होती. काकूंनी मला बघितल्या बघितल्या मूठभर पानं तोडली आणि आत गेल्या. थोड्या वेळानं तीन कप आले. वाफेला खरंच लिंबाच्या पानासारखा वास होता. मी घोट घेतला. गरम पाण्यात कुणीतरी लिंबाची साल बुडवून लगेच काढून घेतल्यासारखं लागलं.

“कसा झालाय?” काकूंनी विचारलं.

गुरुजी माझ्याकडं बघत होते. मी कप बशीत ठेवला.

“काकू, खरं सांगू? मला न्हाय आवडला.”

काकू एकदम खुदकन हसल्या. “मलाबी न्हाय आवडत,” त्या म्हणाल्या. “तिकडंबी न्हाय आवडायचा. पोरीनं केलेला म्हणून प्यायचे. मी आपली नुसती पानं चोळून वास घेते.”

गुरुजींनी आपला कपही आमच्या कपांशेजारी सरकवला. काकूंनी तिन्ही कप उचलले, चहा मोरीत ओतला आणि आतून विचारलं, “साखर किती टाकू रे? दूध ताजं हाय.”